टूरची वही घेऊन क्षेत्रीय कार्यालयात: सायकल-रस्त्यांच्या कामात नव्यानं पडणाऱ्यांसाठी

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरायचा आणि मग आगरदांडा–दिघी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटी धरत किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला जायचं. ही टूर मी तीनदा केली आहे. हँडलबारच्या पिशवीत दर वेळी एक वही असते. किलोमीटरच्या कुठल्या दगडानंतर रस्त्याची डावी कड तुटली आहे, कुठल्या उतारावर वळणाच्या तोंडाशीच खडी पसरली आहे, कुठल्या पुलावरच्या सांध्याची फट टायरपेक्षा रुंद आहे, पाणी कुठे मिळालं, हे रोज रात्री तिच्यात लिहायचं. मागून येणाऱ्या मित्रमैत्रिणींना त्या नोंदींचा उपयोग होतो.

तिसऱ्या टूरवरून परतले त्याच आठवड्यात, घरापासून जेमतेम सहाशे मीटरवर, आठवीतली एक मुलगी पावसाळी चेंबरच्या जाळीत पुढचं चाक अडकून पडली. हनुवटीला टाके पडले. त्या जाळीवरून मी वर्षानुवर्षं रोज जात होते. तिथे आलं की हँडल आपोआप उजवीकडे वळायचं, इतकी ती हाताच्या सवयीची झाली होती. कोकणातल्या पुलाची फट माझ्या वहीत होती. ही जाळी नव्हती.

ती जाळी बदलून घ्यायला चार महिने लागले आणि त्यातले तीन माझ्या अज्ञानापायी गेले. चुकीच्या विभागात गेले, पोहोच न घेता पत्रं दिली, एकाच पत्रात दहा मागण्या लिहिल्या. तुमचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, पण नाशिक, नागपूर, कोल्हापूर, ठाणे, कुठल्याही महापालिकेत थोड्याफार फरकानं हेच करावं लागतं.

टूर करणाऱ्यांनी या कामात पडणं ही काही नवी गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये १८७८ साली सायकलवरून प्रवास करणाऱ्यांनी आपला क्लब काढला आणि धोक्याच्या उतारांवर स्वतः इशाऱ्याच्या पाट्या लावायला सुरुवात केली. अमेरिकेत १८८० मध्ये सायकलस्वारांची जी संघटना उभी राहिली तिनं चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ चालवली. मोटारी तेव्हा रस्त्यावर यायच्याच होत्या. लांबचा प्रवास करणाऱ्याला रस्ता बारकाईनं बघायची आणि नोंदवायची सवय असते. गावातल्या कामात नेमकी तीच कमी पडते.

जवळ ठेवायच्या वस्तू

- पाच मीटरची मोजपट्टी, पांढरा खडू, वही, पेन
- ठिकाण आणि तारीख फोटोवरच उमटवणारं मोबाइलमधलं अॅप
- तुमच्या प्रभागाचा क्रमांक, क्षेत्रीय कार्यालयाचं नाव आणि पत्ता
- प्रत्येक पत्राच्या दोन प्रती (एक द्यायची, दुसरीवर शिक्का घ्यायचा)
- दहा आणि वीस रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प
- एक साधी फाइल. सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले
- पॅनियर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या) लावलेली तुमची सायकल. हिचं काम पुढे सांगते.

१. एकच किलोमीटर निवडा

नवीन माणूस सुरुवातच "शहरभर सायकल ट्रॅक हवेत" या मागणीनं करतो. मागणी रास्त आहे, पण समोर बसलेल्या कनिष्ठ अभियंत्याच्या हातात ती नसते. तो मान डोलावतो आणि पत्र फाइलला लागतं.

त्यापेक्षा तुमच्या रोजच्या वाटेवरचा एक किलोमीटर घ्या. शाळा, मंडई, बसथांबा किंवा बांधकामाची साइट त्यावर असेल तर उत्तम. टूरवर जसं दगडागणिक लिहिता तसं इथे विजेच्या खांबागणिक लिहा. बऱ्याच खांबांवर क्रमांक रंगवलेला असतो आणि अभियंत्याला जागा सांगायला त्याच्याइतकी सोपी खूण नाही.

हा किलोमीटर तीन वेगवेगळ्या वेळी चालवा: सकाळी शाळेच्या वेळेला, संध्याकाळी सातनंतर आणि एकदा पाऊस पडत असताना. सकाळी सातला गुळगुळीत वाटणारा रस्ता संध्याकाळी डाव्या कडेला लावलेल्या गाड्यांमुळे तुम्हाला बसच्या पुढ्यात ढकलतो. पावसात चेंबरचं झाकण पाण्याखाली जातं आणि पांढऱ्या पट्ट्यांवरून चाक घसरतं. एका वेळच्या नोंदीवर पत्र लिहू नका.

२. आपल्याआधी रोजच्या सायकलस्वारांना विचारा

ही पायरी मी सुरुवातीला गाळली होती. आता सगळ्यात जास्त वेळ मी इथेच देते.

आमच्या रस्त्यावर भल्या पहाटे सायकल कोण चालवतं? पेपर टाकणारी मुलं, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, डबा हँडलला अडकवून साइटवर जाणारे गवंडी आणि सुतार, धुणीभांड्याच्या कामाला जाणाऱ्या बायका, सात वाजताच्या शाळेची मुलं. हेल्मेट आणि जर्सी घातलेले आम्ही त्यांच्यामागून येतो, तेही बहुतेक रविवारी. पत्रावर सही मात्र आमचीच असते.

म्हणून दोन सकाळी चहाच्या टपरीपाशी आणि दोन संध्याकाळी पंक्चरवाल्याच्या दुकानात बसा. रस्त्याबद्दल त्या वस्तीत सर्वात जास्त माहिती पंक्चर काढणाऱ्याला असते. कुठल्या चौकाकडून येणाऱ्यांच्या ट्यूबमध्ये तार निघते, कुठल्या खड्ड्यानं रिम वाकते, कुणाची पोरगी कुठे पडली, सगळं त्याला ठाऊक असतं. आमच्या दुकानातल्या काकांनी अर्ध्या तासात चार जागा सांगितल्या आणि त्यातल्या दोन माझ्या यादीत नव्हत्या.

एका वॉचमनदादांना मी विचारलं, "दादा, सायकलवाल्यांसाठी इथे काय व्हायला पाहिजे?" माझ्या डोक्यात ट्रॅक होता. ते म्हणाले, "ताई, ट्रॅकचं नंतर बघा. तो दिवा चालू करा आधी. रात्री दोनला कुत्री अंगावर येतात आणि खड्डा दिसत नाही." दिवा विद्युत विभागाच्या अखत्यारीत येतो. माझ्या पहिल्या पत्रात दिव्याचा उल्लेखही नव्हता.

विचारताना दोन गोष्टी सांभाळा. परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढू नका, बायकांचा आणि शाळेच्या मुलांचा तर मुळीच नाही. आणि "आम्ही तुमच्यासाठी करून देऊ" असं कुणालाही कबूल करू नका. "सांगून बघतो, काय झालं ते येऊन सांगतो," एवढंच म्हणा आणि खरंच जाऊन सांगा.

३. मोजा

"रस्ता खूप खराब आहे" या वाक्याला उत्तर नसतं. "खांब क्र. १४ समोर जाळीचे गाळे वाहतुकीच्या दिशेला समांतर, प्रत्येक गाळा ४ सेंमी रुंद" या वाक्याला द्यावं लागतं.

काय मोजायचं ते सांगते.

*चेंबरच्या जाळ्या.* गाळे रस्त्याला समांतर असले आणि तुमच्या टायरपेक्षा रुंद असले तर चाक आत जातं. साध्या शहरी सायकलचा टायर साधारण साडेतीन सेंटिमीटरचा असतो, रोड बाइकचा त्याहून अरुंद. उपाय स्वस्त आहे: चौकोनी जाळी काटकोनात फिरवून बसवायची, किंवा तिच्यावर आडव्या पट्ट्या वेल्ड करायच्या. पत्रात उपायही लिहा. स्वस्त आणि नेमका उपाय समोर ठेवला की काम हलतं, हा माझा अनुभव आहे.

*गतिरोधक.* इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या मानकात गोल गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर दिली आहे. म्हणजे तो पसरट आणि सौम्य असायला हवा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी रातोरात घातलेला, हातभर रुंदीचा उंचवटा असतो आणि त्यावरून कॅरिअरवरची दुधाची किटली उडते. पट्टी आडवी धरून रुंदी आणि उंची मोजा, मानकाचे आकडे शेजारी लिहा. गतिरोधक काढा असं म्हणू नका. शाळेसमोर तो हवाच असतो. मानकाप्रमाणे करा, असं म्हणा.

*ट्रॅकची रुंदी.* याच संस्थेचं ११ क्रमांकाचं मानक सायकल ट्रॅकबद्दल आहे आणि २०१५ मध्ये ते सुधारलं गेलं. एका दिशेच्या ट्रॅकला किमान २ मीटर धरा, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या बाजूनं पुढे जाता येतं. मोजताना झाडाचं आळं, डीपी बॉक्स (विजेची रस्त्याकडेची पेटी), जाहिरातीचा खांब वगळून जे उरतं ते लिहा. कागदावर दोन मीटर असलेला ट्रॅक डीपी बॉक्सपाशी सत्तर सेंटिमीटर उरतो. अशा जागेचा फोटो पट्टी धरूनच काढा.

*खांबांच्या फटी.* दुचाकी आत शिरू नयेत म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी खांब रोवतात. इथे पॅनियर लावलेली सायकल कामी येते. दोन्ही बाजूंना भरलेल्या पिशव्या लावून त्या फटीतून जाऊन बघा. तुम्ही अडकलात, तर सिलिंडर नेणारा अडकेल, पाण्याचे जार नेणारा अडकेल, चाकखुर्ची तर अडकेलच. मी एकदा अशी अडकलेली सायकल तिथेच उभी करून फोटो काढला होता. त्या फोटोखाली मला काहीही लिहावं लागलं नाही.

४. रस्ता कुणाचा, ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ खाणारा सापळा हाच. एकाच चौकात डांबर एका खात्याचं, चेंबर दुसऱ्याचं, दिवा तिसऱ्याचा आणि सिग्नलचा वेळ वाहतूक पोलिसांचा असतो.

पुणे महापालिकेची पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत. ढोबळ नियम असा: लहान रस्त्यांची किरकोळ दुरुस्ती क्षेत्रीय कार्यालयाकडे, मोठे रस्ते मुख्य इमारतीतल्या पथ विभागाकडे, चेंबर आणि जाळ्या मलनिःसारण विभागाकडे, दिवे विद्युत विभागाकडे. पुणे आणि खडकी छावणी परिसरात गेलात तर तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. पत्र देण्याआधी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन तोंडी विचारा: "हा रस्ता आपल्याकडे आहे की पथ विभागाकडे?" पाच मिनिटांत कळतं. मी न विचारता पत्र दिलं आणि ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला दीड महिना गेला.

शहराबाहेर आपल्याला एक सोय असते. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या रस्त्यांसाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. टूरच्या वहीत दगडाचा रंग आणि त्यावरचा आकडा लिहायची सवय लावून घ्या. घरी येऊन पत्र लिहिताना तेवढ्यावर भागतं.

५. पहिलं पत्र

एक पान, एक विषय, एक मागणी. खाली माझ्या पत्राचा सांगाडा देते. भाषा मुद्दाम कार्यालयीन ठेवली आहे, कारण ते वाचणाऱ्याला हीच सोयीची पडते.

> प्रति,
> मा. कनिष्ठ अभियंता, ........ विभाग,
> ........ क्षेत्रीय कार्यालय
>
> विषय: ........ रस्त्यावरील खांब क्र. .... समोरील पावसाळी चेंबरची जाळी सायकलस्वारांसाठी सुरक्षित करून मिळणेबाबत.
>
> महोदय/महोदया,
> वरील ठिकाणी जाळीचे गाळे वाहतुकीच्या दिशेस समांतर असून प्रत्येकी .... सेंमी रुंद आहेत. त्यात सायकलचे चाक अडकून दि. .... रोजी एक शालेय विद्यार्थिनी जखमी झाली. दि. .... रोजी सकाळी ६.३० ते ७.३० या वेळेत या जागेवरून .... सायकली गेल्याची आम्ही नोंद केली आहे.
> जाळी काटकोनात फिरवून बसविल्यास अथवा त्यावर आडव्या पट्ट्या जोडल्यास धोका दूर होईल. जागेची संयुक्त पाहणी करावी, ही विनंती. पाहणीवेळी आम्ही उपस्थित राहू.
> सोबत: फोटो (२), जागेचा नकाशा, रहिवाशांच्या सह्या
>
> आपले,
> ........

यातल्या दोन गोष्टींना विशेष महत्त्व आहे. पहिली म्हणजे सायकलींची मोजणी. दोघांनी कोपऱ्यावर तासभर उभं राहून वहीत उभ्या रेघा मारायच्या, पाचवी आडवी. "इथे सायकली कुठे असतात?" या नेहमीच्या प्रश्नाला तो आकडा उत्तर देतो. दुसरी म्हणजे संयुक्त पाहणी. कागदावर न हललेलं काम अधिकारी जागेवर आले की हलतं. ते येतील तेव्हा त्यांच्याशी माणसासारखं बोला. आमच्याकडे आलेल्या अभियंता बाईंनी खाली वाकून स्वतः गाळा मोजला आणि म्हणाल्या, "माझाही मुलगा सायकलनंच क्लासला जातो." जाळी त्यानंतर बारा दिवसांत फिरवली गेली.

पत्र आवक-जावक टेबलावरच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात दिलेलं पत्र आपुलकीचं वाटतं, पण त्याचा पुरावा राहत नाही. पुण्यात पीएमसी केअर अॅपवरही तक्रार नोंदवता येते. खड्डा, बंद दिवा, तुटलेलं झाकण यासाठी अॅप ठीक आहे. रचनेत बदल हवा असेल तर कागदी पत्रच हवं, कारण अॅपवरची तक्रार बंद झाली की तिच्यामागे धागा उरत नाही.

पहिल्याच पत्रात कायद्याचा बडगा उगारू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९८-अ रस्त्याच्या रचनेचे, बांधणीचे आणि देखभालीचे मानक न पाळणाऱ्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतं. हे माहीत असावं. पण ज्याच्याकडून उद्या पाहणी करून घ्यायची आहे त्याला आजच धमकी कशाला द्यायची?

६. अंदाजपत्रकाचा हंगाम चुकवू नका

दुरुस्तीपेक्षा मोठं काम, म्हणजे नवा ट्रॅकचा तुकडा, शाळेसमोर उंच केलेला पादचारी मार्ग किंवा सायकल स्टँड, पैशाशिवाय होत नाही आणि पैसा आदल्या वर्षी ठरतो. पुणे महापालिकेत २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवायची पद्धत आहे. पावसाळ्याच्या सुमारास अर्ज निघतात. मुदत दर वर्षी जाहीर होते आणि लवकर संपते. जुलैपासून क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर नजर ठेवा. गणपतीच्या गडबडीत ती तारीख निसटते.

सूचनेला बळ हवं असेल तर शहराच्या स्वतःच्याच कागदांचा आधार घ्या. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाचं सूत्रच असं आहे की जागा माणसांच्या प्रवासाला द्यावी, वाहनांना नव्हे. पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. तुमचा रस्ता त्या आराखड्याच्या नकाशावर आहे का ते बघा. असेल तर "आम्हाला ट्रॅक द्या" असं लिहायची गरज नाही. "मंजूर आराखड्यातील अमुक मार्गाच्या या तुकड्यासाठी तरतूद करावी" असं लिहा.

७. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार

महिनाभर वाट पाहून एक स्मरणपत्र द्या. तरीही काही नाही, तर माहिती अधिकार कायदा, २००५. याला घाबरू नका आणि याचा राग काढायलाही वापर करू नका.

- अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. राज्य शासनाच्या पोर्टलवरूनही करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.
- महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे.
- उत्तराची मुदत तीस दिवस. आलं नाही किंवा अपुरं आलं, तर तीस दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. दोन्हींना प्रत्येकी वीस रुपयांचा स्टॅम्प.
- अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

नवी मंडळी "रस्ता खराब का आहे?" असं विचारतात. "का" या प्रश्नाला या कायद्यात उत्तर मिळत नाही, कागद मिळतात. म्हणून कागद मागा: त्या रस्त्याच्या शेवटच्या कामाचा कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश), मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीतली) संबंधित पानं आणि दोष दायित्व कालावधी.

हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा. रस्ता केल्यावर ठरावीक काळापर्यंत त्यातला दोष ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. तुमचा उखडलेला ट्रॅक त्या मुदतीत बसत असेल तर "निधी नाही" हे उत्तर उरत नाही. मुदत संपायला दोन महिने राहिले असतील तर सगळं बाजूला ठेवून आधी हे पत्र द्या.

नकला मागवण्याआधी फाइल प्रत्यक्ष बघण्याचा हक्कही मागता येतो आणि पहिल्या तासाला शुल्क नसतं. मी तो पर्याय जास्त वापरते. फाइल उलटताना जे सापडतं ते मागायचं कसं, हे बाहेर बसून सुचत नाही.

८. माणसं जोडा, पण संस्था काढायची घाई नको

पहिलं काम तिघांत होतं. एक बोलणारा, एक लिहिणारा, एक मोजणारा. आमच्यात लिहायचं काम निवृत्त शिक्षिका असलेल्या एका काकूंनी उचललं. त्यांच्या वयामुळे सायकल सुटली आहे, पण कार्यालयात त्यांचं अक्षर पाहूनच पत्र नीट वाचलं जातं.

सोसायट्यांचे अध्यक्ष, शाळेचे मुख्याध्यापक, पालक संघ, मंडईतले विक्रेते यांच्याकडे स्वतंत्रपणे जा. विक्रेत्यांना ट्रॅकची धास्ती असते की आपली जागा जाईल. ती धास्ती खरी आहे. त्यांना उठवून झालेला ट्रॅक मला नको आहे, आणि हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगावं. भाजी घ्यायला सायकलवर येणारं गिऱ्हाईक गाडी लावायला जागा शोधत बसत नाही, हे त्यांनाही पटतं.

बैठक मराठीत घ्या, आणि वस्तीत हिंदी बोलणारे कामगार असतील तर हिंदीतही. माझ्या सुरुवातीच्या बैठकांत 'कनेक्टिव्हिटी', 'लास्ट माइल' असलेच शब्द होते आणि पंक्चरवाले काका गप्प बसून राहिले. पुढच्या वेळी नकाशा जमिनीवर पसरला, खडू त्यांच्या हातात दिला, आणि मग तासभर तेच बोलत होते.

नोंदणी, लोगो, टी-शर्ट हे पहिल्या वर्षी नको. संस्था नोंदवायची तर किमान सात जण, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दर वर्षी हिशेब, असं सगळं मागे लागतं. देणगी घ्यायची वेळ येईल तेव्हा बघा.

निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार येतात, सायकलवर बसून फोटो काढतात. सगळ्यांना सारखंच भेटा. प्रत्येकाच्या हातात तीच एक पानी यादी द्या आणि फोटोत उभे राहायचं की नाही हे आधी गटात ठरवून ठेवा.

९. सामूहिक राइड काढायची असेल तर

जागतिक सायकल दिन ३ जूनला असतो आणि त्या सुमारास शहरभर राइड निघतात. तुमची राइड शंभर किलोमीटरची नको, चार किलोमीटरची हवी आणि तुमच्याच किलोमीटरवरून जाणारी. वेग मुलांचा. अधिकाऱ्यांना निमंत्रण द्या आणि त्यांना पुढे झेंडा दाखवायला उभं करू नका, सायकलवर बसवा.

स्थानिक पोलीस ठाण्याला आणि वाहतूक शाखेला आधी लेखी अर्ज द्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे जमावबंदीचे आदेश शहरात अनेकदा लागू असतात, त्यामुळे परवानगीशिवाय निघालेला घोळका अडचणीत येऊ शकतो. अर्जात मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, दोन जबाबदार व्यक्तींची नावं लिहा. प्रथमोपचाराची पेटी, पंप, शेवटी चालणारा एक अनुभवी स्वार ठेवा. तुमचा टूरचा अनुभव इथे पूर्ण वसूल होतो.

१०. टूरच्या रस्त्यांसाठी थोडंसं

घाटात, महामार्गावर आपली संख्या कमी असते आणि आपण तिथले रहिवासीही नसतो. म्हणून तिथे एकट्यानं पत्र पाठवण्यापेक्षा त्या गावातल्या शाळेशी किंवा सरपंचांशी बोलून त्यांच्या पत्राला आपली मोजमापं जोडा.

राष्ट्रीय महामार्गावर अपघातप्रवण ठिकाण ठरवायची व्याख्या अशी आहे: सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. एखादं वळण या व्याख्येत बसतं असं गावकरी सांगत असतील, तर पोलीस ठाण्याकडून माहिती अधिकारात त्या तुकड्यातले अपघात मागवा. वाहनांचा वेग कमी व्हावा म्हणून उतारावर टाकलेल्या जाड थर्मोप्लास्टिकच्या (जाड रंगाच्या) आडव्या पट्ट्या भरलेल्या सायकलला हादरवतात. तिथे डाव्या कडेला सायकलपुरती जागा सपाट सोडावी, अशी मागणी करा.

११. काम झाल्यावर

आभाराचं पत्र द्या. ते देणारे इतके थोडे असतात की ते लक्षात राहतं आणि पुढच्या कामाला दार उघडं असतं. ज्या लोकांना विचारून सुरुवात केली त्यांना जाऊन सांगा. पंक्चरच्या दुकानात जुना आणि नवा, असे दोन फोटो लावा.

आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर स्वतः जाऊन बघा. आमची जाळी फिरवून बसवली तेव्हा ती रस्त्याच्या पातळीपेक्षा बोटभर खाली गेली होती. उन्हाळ्यात ते जाणवलं नाही. जूनमध्ये तिथे पाणी साचलं आणि जाळी पुन्हा दिसेनाशी झाली. दुसरं पत्र दोन ओळींचं होतं, जुना आवक क्रमांक वर लिहून. नऊ दिवसांत काँक्रीट भरून ती वर घेतली. तिच्यापुढचा चेंबर खांब क्र. १७ समोर आहे. त्याचे गाळे अजून उभेच आहेत, आणि त्याची मोजणी येत्या सोमवारी आहे.